तुझी रास सांगायची राहिली

मंगल, आज रविवार. पेपर आला, चहा घेऊन गॅलरीत बसलो आणि राशीभविष्याचं पान उघडून मोठ्यानं वाचायला लागलो. मेषेपासून सुरुवात केली ती पार मीनेपर्यंत. बाराच्या बारा राशी. गेली नऊ वर्षं मी तुला फक्त मकरेच्या चार ओळी वाचून दाखवत होतो, आज सगळ्या वाचल्या. ज्योती आतून आली आणि म्हणाली, "बाबा, कुणासाठी वाचताय?" मी म्हटलं, "घसा साफ करत होतो." आत जाऊन तिनं नळ सोडला आणि बराच वेळ सोडून ठेवला. भांडी तर सकाळीच घासून झाली होती.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. माणसं येतात, बसतात, तुझं चांगलं बोलतात. मी हो हो म्हणतो. मला मात्र तुझ्याशी एक वेगळंच बोलायचंय, आणि ते यांच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुझी खरी रास मला ठाऊक होती. मकर नव्हे ती. सात वर्षं ठाऊक होती आणि मी तुला सांगितली नाही. आपण आयुष्यभर मिठापासून मतदानापर्यंत सगळ्यावर भांडलो, पण लपवाछपवी केली ती मी एकदाच, आणि नेमकी तुला जे सगळ्यात जास्त हवं होतं त्याच बाबतीत.

तुला रासच नव्हती, हे मला लग्नानंतर महिन्याभरानं कळलं. आपलं लग्न दोन्हीकडच्यांना न विचारता झालेलं, पत्रिका जुळवायची वेळ आलीच नाही. मी माकुणसारचा, केळीच्या वाडीतला. तू एडवणची, होडीवाल्यांची. मी तारापूरच्या कारखान्यात लेथवर लागलो आणि आपण सालवडच्या चाळीत एका खोलीत संसार थाटला. पहिल्याच रविवारी तू विचारलंस, "तुमची रास कंची?" मी म्हटलं, "वृषभ. तुझी?" तू चहा गाळून माझ्यापुढे ठेवलास. मग म्हणालीस, "मला नाय."

मला हसूच आलं. रास नसलेला माणूस असतो का कुठं? पण खरंच नव्हती. पुढे ज्योती झाली, राग निवळला, तुझी आई आपल्याकडे येऊन राहिली, तेव्हा मी मुद्दाम त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "नारली पुनवेच्या दुसऱ्या दिसाला. सकालची. भरती लागली तवा. आनखी काय सांगू? घरात घड्याल होता का?" झालं. एवढाच तुझा जन्माचा दाखला. नावावरून काढावी तर माहेरची तू हिरा म्हणून कर्क, आणि मी नाव बदललं मंगला, म्हणून सिंह. तू कमरेवर हात ठेवून विचारलंस, "नाव बदललं की रास बदलते होय? मग उद्यापासून स्वभाव पन बदलू काय?"

आणि बदललास की गं! पालघर स्टेशनबाहेरच्या गाडीवरून बारा राशींच्या गुणदोषांचं एक पातळ पुस्तक आणलंस, आणि दर महिन्याला एक रास अंगावर घालून बघायला लागलीस. साडी नेसून बघावी तशी. सिंहेच्या महिन्यात पापलेटचा मधला तुकडा आधी स्वतःच्या ताटात. तूळ होतीस तेव्हा बोईसरच्या बाजारात दुधी घ्यावा की भोपळा यावर पाऊण तास उभी, शेवटी दोन्ही न घेता परत. धनूच्या महिन्यात माझ्या बहिणीला तोंडावर सांगितलंस की तुमच्या लोणच्याला फिनेलचा वास येतो. मी डोक्याला हात लावला. वृश्चिकेच्या महिन्यात तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, कारण विचारलं तर म्हणालीस, "ते मनात ठेवायचं असतं." मिथुनेला दूध उतू गेलं, एकदा नाही, चारदा. आणि महिना संपला की तू पुस्तक उघडून म्हणायचीस, "ही पन नाय माझी. थोडी हाय, सगली नाय."

म्हणूनच तुला बाराही राशी अशा पाठ झाल्या. ज्याला स्वतःचं घर नाही त्याला सगळ्यांची घरं ठाऊक असतात, तसं झालं तुझं. रविवारी मी गॅलरीत पेपर वाचायचो आणि चाळीतल्या बायका, पाळीवरून आलेले कामगार, सगळे जिन्यात बसायचे. मी वाचून संपवलं की तुझं सुरू. तुझी एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. माणसाचा गुण तू बाहेर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगायचीस. दोष सांगायचा असला की त्याला आत बोलवायचीस, स्टोव्हपाशी पाटावर बसवायचीस, हातात चहा द्यायचीस आणि हळू आवाजात सांगायचीस. बाहेरच्यांना आतलं काही कळत नसे. म्हणून लोक तुझ्याकडे यायचे. ज्योतिषी म्हणून नव्हे.

रामआसरे आठवतो? आमच्या खात्यातला, उत्तरेकडचा, मान खाली घालून काम करणारा. त्याची नावावरून तूळ निघाली. तू जिन्यात सगळ्यांसमोर म्हणालीस, "ये आदमी झगडा मिटानेवाला हाय. इसके सामने कोई लडता नाय." तो लाजून लाल झाला. मग आत नेलंस. मी दारातच होतो, ऐकलं. "तुम किसीको ना नाय बोलता. इसलिए सब तुमको डबल पाळी में खडा करता हाय. एक बार बोलके देखो." "भाभी, साहब गुस्सा होंगे." "होने दो. उनका भी रास होएंगा ना कुछ?" पुढच्या आठवड्यात त्यानं साहेबाला नाही म्हटलं, आणि साहेबानं मुकाट्यानं दुसरा माणूस लावला. रामआसरे बोईसरहून किलोभर जिलेबी घेऊन आला होता. तू गेल्याचं कळलं तेव्हा तो गावी होता, तिथून आला. दारात उभा राहून लहान पोरासारखा रडला आणि चहासुद्धा न घेता गेला.

यावरून आपला वाद व्हायचा, आणि तो मिटलाच नाही. मी पडलो टर्नर, लोखंड कातणारा, सुताच्या मापात बोलणारा. मी म्हणायचो, लेथवरच्या जॉबमध्ये दोष असला तर घासून काढायचा, नाहीतर जॉब भंगारात. माणसाचंही तेच. तू म्हणायचीस, "तुमचं लोखंड वेगळं. मेषेचा मानूस आधी धावतो आनि मग चप्पल शोधतो, हा त्याचा दोष. पन आग लागली तर बालदी घेऊन पयला तोच येतो. धावनं काढून टाकलंत तर बालदी कोन आननार?" मी म्हणायचो, हा शब्दांचा खेळ झाला. तू म्हणायचीस, "बरं बाबा, खेल तर खेल." असं बरं बाबा म्हणून तू वाद सोडून द्यायचीस, आणि जिंकल्यासारखी पोळी लाटायचीस. त्याचा मला असा संताप यायचा!

माझाही दोष सांगितला होतास. रीतसर, पाटावर बसवून. "वृषभ म्हनजे भरवशाचा मानूस. शब्द दिला की दिला. हे मी बाहेर सांगून आले. आता आतलं ऐका. तुमी सुखाला चिकटता. एकदा बूड टेकलं की जग बुडालं तरी उठायचे नाय." मी म्हटलं, "तुझ्या त्या पातळ पुस्तकानं ठरवला का माझा स्वभाव?" तू हसलीस. तुझं ते नाक वर करून हसणं. मंगल, आता ते कुठे बघू?

तर नऊ वर्षांपूर्वी मला सुचलं की तुझी रास आपणच काढावी. तुझी जन्मतारीख कुणाला माहीत नाही, निदान रास तरी द्यावी. शाळेच्या दाखल्यावर तारीख मास्तरांनी अंदाजानं घातलेली, पण साल मिळालं. पालघरच्या एका भटजींकडे जुनी पंचांगं होती, पहिली पाळी सुटल्यावर तीन फेऱ्या मारल्या तेव्हा त्या सालचं सापडलं. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. चंद्र सकाळी सातला मकरेतून कुंभेत गेलेला. म्हणजे सगळं आलं भरतीच्या वेळेवर. तो हिशेब मला तुझ्याच गावच्या माणसानं शिकवला होता: तिथीची पाऊणपट करायची की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. पौर्णिमेनंतरची प्रतिपदा म्हणजे सोळा, सोळाची पाऊणपट बारा. बाराला भरती पूर्ण, म्हणजे पाणी चढायला लागलं सहा तास आधी, सहाला. सात वाजायच्या आत. मकर! मी तीन वेळा ताळा करून पाहिला.

पेढे घेऊन घरी आलो आणि सांगितलं, "मंगलाबाई, आपली रास मकर. सकाळी सहाचा जन्म." तू पीठ मळत होतीस. हात थांबले. "सहाला?" म्हणालीस. मी म्हटलं, "सहालाच. पाऊणपटीचा हिशेब आहे, चेष्टा नाही." तू माझ्याकडे बघत राहिलीस, मग डोळ्यांत पाणी आलं. "तीन फेऱ्या मारल्यात पालघरला? माझ्यासाठी?" मी म्हटलं, "मग काय शेजारणीसाठी?" पिठाच्या हातानंच तू पेढा घेतलास. बाई रडत रडत पेढा खातेय असं मी पहिल्यांदाच बघितलं.

आणि त्या दिवसापासून तू मकर झालीस. ती पुढल्या महिन्यात उतरवून ठेवायची नव्हती. मकर कष्टाची, जबाबदारीची, चिवट, घर धरून राहणारी, हा गुण. मनातलं न बोलणारी, कोरडी, स्वतःला आवळून बांधणारी; हा दोष. तू दोन्ही घेतलेस. जिन्यातली गर्दी हळूहळू कमी झाली. कुणी विचारलं की म्हणायचीस, "पुस्तक घेऊन जा, वाचा." मी पाळीवरून आलो की ताट तयार. कपडे घडीचे. घर कसं शांत. तेव्हाच चाळीतल्या बायकांनी गणपतीच्या शेडमध्ये बालवाडी काढायचं ठरवलं होतं, मराठी, हिंदी, गुजराती सगळ्या पोरांची मिळून, आणि ती तूच चालवणार असं सगळ्यांनी धरलं होतं. तू नाही म्हणालीस. मला नवल वाटलं. पण खरं सांगू? बरंही वाटलं.

दोन वर्षं गेली. तुझा भाऊ हरेश्वर जेवायला आला होता, तू खाली पाणी भरायला गेली होतीस. मी त्याला माझा हिशेब ऐटीत सांगत होतो. तो बोंबील चावता चावता थांबला. "दाजी, सहाला समुद्रावर. आमचा घर समुद्रावर कुठं हाय? आत खाडीला. तिकडं पानी फिरायला दीड तास जास्त लागतो. सहाला आमच्या दारात चिखल असनार." आणि पुन्हा जेवायला लागला. त्याच्या दृष्टीनं ती काही मोठी गोष्ट नव्हती. माझा घास मात्र तोंडातच राहिला. साडेसात. चंद्र सातला कुंभेत गेला होता.

मी वाडीतला माणूस. समुद्र म्हणजे केळव्याचा किनारा, एवढंच मला ठाऊक. भरती सगळीकडे एकाच वेळी लागते असं मी धरून चाललो. मोजमाप करून पोट भरणाऱ्या माणसाला कुठे उभं राहून मोजायचं हेच कळलं नाही!

हरेश्वर गेल्यावर मी तुझं पुस्तक काढून कुंभेचं पान वाचलं. गुण: चार लोकांत रमणारी, परक्याला आपलं करणारी, नवं काही करून बघणारी, कुणाचं दुःख पाहून स्वस्थ न बसणारी. दोष: लहरी, आणि सगळ्यांची होता होता घरच्यांना वाट बघायला लावणारी. मंगल, ती तू होतीस. जिन्यातली तू, रामआसरेला चहा देणारी, दूध उतू घालवणारी. सगळी होतीस, थोडी नव्हे.

मी पुस्तक मिटलं आणि होतं तिथं ठेवलं. म्हटलं, उद्या सांगू. का सांगितलं नाही, ते आज सरळ लिहितो. मला मकर बायको आवडायला लागली होती. आयतं ताट आवडायला लागलं होतं. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

त्याच आठवड्यात बालवाडीवाल्या बायका पुन्हा आल्या. शिकवायला ठेवलेली मुलगी लग्न होऊन गेली होती, पोरं मोकळी फिरत होती. तू त्यांना बसवलंस आणि माझ्याकडे वळून विचारलंस, "काय करू? तुमी सांगा." असं तू मला कधी विचारत नसायचीस. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "मकरेच्या माणसानं आपलं घर बघावं." तू थोडा वेळ माझ्याकडे बघत होतीस, ते मला पेपराच्या आडूनही कळलं. मग तू बायकांना म्हणालीस, "नाय जमायचं हो." मी समजलो, बायकोनं आपलं ऐकलं.

दवाखान्यात चार दिवस मी तुझ्या उशाशी होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी धीर केला. "मंगल, एक सांगायचं राहिलंय." तू लगेच डोळे उघडलेस. इतक्या आजारात इतक्या पटकन. मी म्हणालो, "पाणी देऊ?" तू मानेनं हो म्हणालीस आणि दोन घोट प्यायलीस. मी समजूत घातली स्वतःची, आजारी माणसाला कशाला ताप, घरी गेल्यावर सांगू.

काल हरेश्वर मुद्दाम भेटायला आला. तेराव्याला माणसं होती, बोलता आलं नव्हतं. इकडचं तिकडचं झालं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "हरेश्वर, तू त्या दिवशी खाडीचं बोललास, ते मी हिला कधी सांगितलंच नाही रे."

तो म्हणाला, "ठाऊक हाय. मीच सांगितलेला तायला. त्याच दिवशी, निघताना, खाली नळावर."

तो आपला सांगत होता. तू हसलीस म्हणे. म्हणालीस, "तू काय सांगतस? मला तर पेढ्याच्या दिवशीच कललेला. आपल्या दारात सहाला पानी कधी आलाय?" मग त्यानं विचारलं, "मग दाजीला बोलली का नाय?" तर तू म्हणालीस, "माझ्यासाठी कोनी इतकं शोधायला गेलं होतं का कधी? आननारा चुकला म्हनून काय रास परत करायची? आता त्यांना पन कललंय ना. सांगतील. मानूस वाईट नाय, उठायला वेल लावतो. ते आपल्या तोंडानं म्हनतील त्या दिवसापासून मी कुंभ. तवर मकर."

हरेश्वर निघताना म्हणाला, "दरवेळी माहेरी आली की मी विचारायचा, ताय, झाली का कुंभ? ती बोलायची, नाय अजून."

सात वर्षं, मंगल. बायका समोर बसलेल्या असताना तू मला विचारलंस, तेव्हा तुला ठाऊक होतं. दवाखान्यात डोळे उघडलेस, तेव्हाही ठाऊक होतं. एक शब्द म्हणायचा होता मला, दोन अक्षरांचा. तू तो ऐकायला रोज घरी थांबलीस, आणि मी रोज तुझ्या हातची गरम भाकरी खाऊन हात धुतले.